पाण्याची टाकी भरून ट्रेलर ओढायचा असेल, तर कामांचा क्रम असा ठेवा

स्वच्छ पाण्याची टाकी काठोकाठ भरून ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) ओढता येतो का? बहुतेक ट्रेलरच्या बाबतीत, येतो. चुकतो तो कामांचा क्रम. लोक आधी ट्रेलर जोडतात, हिचचे (गाडी आणि ट्रेलर यांच्या जोडाचे) स्प्रिंग बार, म्हणजे वजन वाटून देणारे दांडे, ताणतात, ब्रेकची ताकद ठरवतात, टायरची हवा बघतात आणि अगदी निघताना नळाला पाइप लावून टाकी भरतात. म्हणजे सगळी जुळणी झाली रिकाम्या ट्रेलरची, आणि रस्त्यावर उतरला तो भलताच ट्रेलर.

दुसरी चूक याहून महागात पडते. पाण्याचं वजन किती, हे सगळे विचारतात. ते वजन ॲक्सलच्या (ट्रेलरच्या चाकांच्या आसाच्या) पुढे पडतं की मागे, हे फार थोडे जण विचारतात. दीडशे किलो पाणी ॲक्सलच्या पुढे असेल तर एक गोष्ट, मागच्या बंपरपाशी असेल तर अगदी उलटी गोष्ट. खालचे सगळे टप्पे या एका मुद्द्याभोवती आहेत, म्हणून घाई असली तरी टप्पा 2 आणि 3 वगळू नका.

टप्पा 1: किती पाणी लागणार ते ठरवा

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकीची क्षमता अमेरिकी गॅलनमध्ये लिहिली असेल तर एक गॅलन म्हणजे 3.785 लिटर, वजन 8.34 पौंड. 40 गॅलनची टाकी भरली की सुमारे 151 किलो वाढले. गीझरची टाकी वेगळी मोजा. तिच्यात साधारण 23 किंवा 38 लिटर पाणी मावतं, आणि एकदा पंप चालवून नळ सुरू केले की ती भरलेलीच राहते.

मुक्कामाच्या जागी नळ असेल तर भरलेली टाकी वाहून नेण्यात अर्थ नाही. वाटेत हात धुवायला आणि संडासात टाकायला वीस-तीस लिटर पुरतात. जिथे नळ नाही अशा जागी जात असाल, तर घरून भरून निघण्याऐवजी मुक्कामाच्या जवळचा शेवटचा भरवशाचा नळ शोधा. चारशे किलोमीटर ओझं वाहण्यापेक्षा तीस किलोमीटर वाहणं केव्हाही बरं. मात्र त्या नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे ना, आणि तिथे ट्रेलरसकट वळता येतं ना, हे निघण्याआधीच विचारून घ्या. पोहोचल्यावर नळ बंद आढळला तर पुढचे सगळे दिवस कोरडे जातात.

टप्पा 2: टाकी नेमकी कुठे आहे ते बघा

कागदपत्रांतला आराखडा बघा. त्यात नसेल तर पाणी भरायचं तोंड आणि टाकीखालचा ड्रेन शोधा. भरायचं तोंड ज्या बाजूला आहे तिथेच टाकी असेल असं समजू नका, कारण आतून लांब नळी फिरवलेली असू शकते. ड्रेन जास्त भरवशाचा, तो सहसा टाकीच्या जवळच असतो. काही ट्रेलरमध्ये टाकी पलंगाखाली किंवा बाकाखाली असते आणि फळी उचलली की दिसते.

आता तीन मापं घ्या:

1. हिचच्या बॉलपासून (ट्रेलरचं नाक ज्या गोळ्यावर टेकतं तो) ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर. दोन ॲक्सल असतील तर दोघांच्या मधला बिंदू धरा.
2. ॲक्सलपासून टाकीच्या मध्यापर्यंतचं अंतर.
3. टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे. हे शब्दांत लिहून ठेवा. आकडे बरोबर आणि दिशा उलटी, असा घोळ इथेच होतो.

टप्पा 3: बॉलवरचा भार कागदावर काढा

ट्रेलरच्या एकूण वजनापैकी ठराविक भाग पुढे बॉलवर टेकायला हवा. उत्तर अमेरिकेत बॉल हिचसाठी 10 ते 15 टक्के धरतात. ऑस्ट्रेलियात दहाच्या आसपास. युरोपातल्या हलक्या कॅरव्हॅनसाठी 5 ते 7 टक्के चालतात, पण तिथे ओढणाऱ्या गाडीची स्वतःची कडक मर्यादा असते. तुमच्या गाडीच्या आणि ट्रेलरच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच पाळा. भार कमी पडला की ट्रेलर मागून डुलायला लागतो. जास्त झाला की ओढणाऱ्या गाडीचं मागचं अंग बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड जाते.

सूत्र सोपं आहे. पाण्याचं वजन गुणिले ॲक्सलपासून टाकीचं अंतर, भागिले बॉलपासून ॲक्सलचं अंतर. टाकी पुढे असेल तर उत्तर मिळवा, मागे असेल तर वजा करा.

उदाहरण घेऊ. सामानासह पण बिनपाण्याचा ट्रेलर 2,400 किलो, बॉलवर 270 किलो, म्हणजे सव्वाअकरा टक्के. छान. टाकी 160 लिटरची, बॉल ते ॲक्सल 5 मीटर.

टाकी ॲक्सलच्या मागे दीड मीटरवर असेल तर 160 × 1.5 ÷ 5 = 48 किलो कमी होणार. बॉलवर उरले 222, आणि ट्रेलर झाला 2,560 किलोंचा. टक्केवारी 8.7. काल सरळ चालणारा ट्रेलर आज मोठ्या ट्रकच्या झोताने हलणार, आणि चालकाला कारण कळणार नाही, कारण त्याच्या लेखी त्याने फक्त पाणी भरलं.

तीच टाकी पुढे दीड मीटरवर असती तर बॉलवर 318 किलो, म्हणजे 12.4 टक्के. ट्रेलर स्थिर चालेल, पण आता ते जादा 48 किलो ओढणाऱ्या गाडीच्या खात्यात गेले. गाडीच्या दारावर किंवा दाराच्या खांबावर भारक्षमतेचा आकडा असतो. त्यात माणसं, सामान आणि बॉलवरचा भार असं सगळं मावायला हवं. हिचच्या रिसीव्हरवरही (गाडीच्या मागच्या ज्या खोबणीत हिच बसते ती) मर्यादा लिहिलेली असते, ती वेगळी तपासा. यातली जी मर्यादा सर्वात लहान, तीच तुमची खरी मर्यादा.

टाकी बरोबर ॲक्सलवर असेल तर बॉलवरचे किलो जवळपास तेवढेच राहतात, एकूण वजन मात्र वाढल्यामुळे टक्केवारी थोडी उतरते. वरच्या उदाहरणात 270 भागिले 2,560, म्हणजे साडेदहा. चालतं.

तपासणी: ट्रेलरच्या पाटीवरचं कमाल एकूण वजन आणि ॲक्सलची कमाल क्षमता हे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्ही पाळायचे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ट्रेलरच्या लेबलवर भरलेल्या पाण्याचं वजनही छापलेलं असतं, आणि ते सामानाच्या क्षमतेतूनच वजा होतं. कित्येक लहान ट्रेलरमध्ये टाकी भरल्यावर कपडे, भांडी, खुर्च्या यांना फारच थोडी जागा उरते.

मागच्या टाकीमुळे टक्केवारी घसरत असेल तर आधी ट्रेलरमधलं जड सामान मागून पुढे आणा. तेवढ्याने भागलं नाही तर पाणी कमी न्या. बॉलवरचा भार वाढवायला उगाच ट्रेलरच्या नाकावर विटा किंवा वाळूची पोती ठेवू नका. एकूण वजन वाढतं, आणि दोन टोकांना जड वस्तू असलेला ट्रेलर एकदा डुलू लागला की लवकर थांबत नाही.

टप्पा 4: टाकीचा आधार तपासा

हा टप्पा जवळजवळ सगळेच सोडून देतात. टाकी प्लास्टिकची असते आणि चासीला आडव्या लावलेल्या लोखंडी पट्ट्यांवर किंवा पत्र्याच्या तळावर बसलेली असते. उभ्या ट्रेलरमध्ये ती पाणी सहज पेलते. खड्ड्यातून गेल्यावर तेच दीडशे किलो वर-खाली आपटतात. आधार कच्चा असेल तर टाकी लोंबते आणि शेवटी रस्त्यावर पडते.

ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना पुढून-मागून अटकाव लावा. ट्रेलर नुसत्या जॅकवर असेल तर खाली शिरू नका. मग टॉर्च घेऊन बघा:

1. आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या आहेत, बोल्टने बसवल्या आहेत, की नुसत्या स्क्रूवर आहेत? दोन टोकांना चार स्क्रू आणि त्यावर दीडशे किलो, अशी बांधणी दिसली तर टाकी भरून निघू नका. आधी आधार पक्का करून घ्या.
2. वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर, बोल्टभोवती तांबूस गंजाची पूड, किंवा रंग उडून चकचकीत झालेला लोखंडाचा पट्टा दिसतो का? चकचकीत जागा म्हणजे तिथे काहीतरी सतत घासतंय.
3. खालचं प्लास्टिकचं आवरण पोट सुटल्यासारखं खाली आलंय का? तिथे बोट दाबून बघा. आत पाणी साचलं असेल तर ते डुचमळतं.

आणखी एक काम, अगदी फुकटातलं. टाकी रिकामी असताना टाकीच्या तळापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि चासीच्या कडेपासूनचंही. भरल्यावर दोन्ही पुन्हा मोजा. जमिनीपासूनचं अंतर कमी होणारच, कारण स्प्रिंग दबतात. चासीपासूनचं अंतर जवळपास तेवढंच राहायला हवं. ते ठळकपणे वाढलं तर आधार वाकतोय.

सावधान: काही कंपन्या टाकी भरून प्रवास करू नका असं पुस्तिकेत स्पष्ट लिहितात. तसं असेल तर विषय तिथेच संपला, बाकीचे हिशेब करू नका.

टप्पा 5: टाकी भरा

1. ट्रेलर सपाट जागी हवा. नाक वर किंवा एक बाजू खाली असेल तर टाकी भरण्याआधीच ओसंडते आणि तुम्हाला वाटतं भरली.
2. सगळे ड्रेन बंद करा. टाकीचा एक आणि नळ्यांचे सहसा दोन, गरम आणि गार असे.
3. पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलाच पाइप वापरा. बागेचा पाइप पाण्याला वास देतो. नळ सोडून मिनिटभर पाणी वाहू द्या, मग पाइप टाकीला लावा.
4. पाइप तोंडात ठासून बसवू नका. आतल्या हवेला बाहेर यायला जागा हवी. पाणी उलट उसळत असेल तर पाइप थोडा वर घ्या, धार कमी करा.
5. ओव्हरफ्लोच्या नळीतून सलग धार आली की बंद करा. पॅनलवरचे दिवे फक्त पाव, अर्धी, पाऊण असे टप्पे दाखवतात, त्यांच्यावर हिशेब बांधू नका.
6. पंप सुरू करा. आधी गार, मग गरम नळ उघडून हवा निघेपर्यंत पाणी वाहू द्या. गीझर आणि नळ्या भरल्या की टाकीची पातळी उतरते, तेवढं पाणी पुन्हा भरा.

काही ट्रेलरमध्ये दाबाच्या नळालाच जोडून, एक व्हॉल्व फिरवून टाकी भरायची सोय असते. ती वापरताना जागेवरून हलू नका. टाकी भरल्यावरही दाब चालू राहिला तर टाकी फुगते, वरची फळी उचलते, जोड फुटतात. भरून झाल्यावर व्हॉल्व परत नेहमीच्या जागी आणा.

टाकी बराच काळ बंद होती तर आधी ती निर्जंतुक करा. गाळणीचे काडतूस काढून घ्या, गीझर बायपास करा, आणि सुमारे 5 टक्क्यांचं बिनवासाचं घरगुती ब्लीच लिटरमागे एक मिलिलिटर या प्रमाणात पाण्यात मिसळून भरा. प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडा, चार तास राहू द्या, मग वास जाईपर्यंत धुऊन काढा. हे प्रवासाच्या आदल्या दिवशी करा.

अर्धी टाकी का टाळायची

काठोकाठ भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. अर्ध्या टाकीत असते. ब्रेक दाबला की पाणी पुढे, वळणावर बाहेरच्या बाजूला, आणि तुम्ही स्टिअरिंग सरळ केलं तरी आतली लाट क्षणभर मागे राहते. बहुतेक टाक्यांत ही लाट अडवणारे पडदे नसतात. म्हणून पूर्ण भरा, नाहीतर तळाशी थोडंच ठेवा. पण हा नियम वजनाच्या मर्यादेपेक्षा मोठा नाही. पूर्ण टाकीने मर्यादा ओलांडत असेल तर अर्धी टाकी आणि कमी वेग, हाच योग्य निर्णय.

टप्पा 6: आता, आणि आताच, हिच जुळवा

1. पंपाचा स्विच बंद करा. वाटेत एखादा जोड ढिला झाला तर चालू पंप अख्खी टाकी ट्रेलरच्या जमिनीवर ओतेल. गीझरचा गॅस आणि वीजही बंद करा, मग एक नळ उघडून नळ्यांतला दाब सोडा.
2. नुसत्या गाडीची पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची मोजा. ट्रेलर जोडून, स्प्रिंग बार न लावता, पुन्हा मोजा. मग बार लावून मोजा. पुढचं अंग किती परत खाली यायला हवं ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. काही कंपन्या पूर्ण सांगतात, काही अर्धंच. बार गरजेपेक्षा जास्त ताणले तर मागची चाकं हलकी होतात.
3. ट्रेलर बाजूने सपाट दिसायला हवा. नाक किंचित खाली चालेल, वर चालणार नाही.
4. टायर थंड असताना हवा भरा, या भाराला जेवढी सांगितली आहे तेवढी. टायरची वेगमर्यादाही वाचा. कित्येक ट्रेलर-टायर ताशी 105 किलोमीटरपर्यंतच्याच वेगासाठी असतात.
5. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर कंट्रोलरची (चालकाजवळचं ट्रेलरच्या ब्रेकचं नियंत्रण) ताकद नव्याने ठरवा. मोकळ्या सपाट जागी ताशी चाळीसच्या वेगाने फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने ओढा. ट्रेलरने गाडीला ठामपणे मागे खेचायला हवं, चाकं घसटता कामा नयेत.

स्प्रिंग बार वजन वाटून देतात, कमी करत नाहीत. मागच्या टाकीमुळे बॉलवरचा भार कमी पडला असेल तर बार ताणून तो भरून निघत नाही.

टप्पा 7: काट्यावर जा

कागदावरचा हिशेब अंदाज देतो, खरं काय ते काटा सांगतो. टाकी भरलेली, माणसं बसलेली, इंधन भरलेलं, अशा अवस्थेत तीन वजनं घ्या:

1. एकटी गाडी.
2. ट्रेलर जोडून, बार न लावता, फक्त गाडीची चाकं काट्यावर. यातून पहिलं वजन वजा केलं की बॉलवरचा भार मिळतो.
3. ट्रेलर जोडलेलाच, फक्त त्याची चाकं काट्यावर. हा ॲक्सलवरचा भार. यात बॉलवरचा भार मिळवला की ट्रेलरचं एकूण वजन.

बार काढून फक्त काट्याच्या आवारात, अगदी हळू हलवा. शक्य असेल तर बार लावून गाडीच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वेगवेगळं वजनही घ्या. हे आकडे कागदावर लिहून गाडीत ठेवा. भरलेल्या टाकीचे वेगळे, रिकामीचे वेगळे.

टप्पा 8: पहिले तीस किलोमीटर

निघाल्यावर वीस-तीस किलोमीटरवर सुरक्षित जागी थांबा. चाकांच्या हबजवळ (मधल्या भागाजवळ) हात नेऊन उष्णता बघा, थेट पकडू नका. एक बाकीच्यांपेक्षा फार गरम असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक बघा. टाकीखाली थेंब, लोंबलेलं आवरण, ढिले नट, एवढं पाहून पुढे चला.

इथे एक गोष्ट वारंवार दिसते: ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी गळत राहतं आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत टाकीतलं बरंच पाणी गेलेलं असतं. गाडीच्या हेलकाव्याने नळीत पाणी चढतं आणि मग सायफन सुरू होतो. नळीच्या टोकाला छोटा व्हॉल्व बसवून तो प्रवासात बंद ठेवतात. तसं केलं तर भरायच्या तोंडाजवळ ठळक चिठ्ठी लावा, "आधी व्हॉल्व उघडा". बंद व्हॉल्व ठेवून टाकी भरली तर हवेची वाट अडते आणि टाकी फुगू शकते.

चालवताना पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा. उतारावर आधीच खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

ट्रेलर डुलायला लागला तर: ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हळूहळू ओढा. वेग वाढवून ट्रेलर सरळ होईल असं मानणं जीवघेणं आहे. थांबल्यावर कारण शोधा. बहुतेक वेळा उत्तर टप्पा 3 मध्ये असतं, आणि अशा वेळी टाकी रिकामी करून पुढे जाणंच शहाणपणाचं.

थंडीत, तापमान शून्याखाली जाणार असेल तर चासीखालच्या उघड्या टाकीचा ड्रेन आणि नळ्या आधी गोठतात. गरम ठेवायची सोय नसेल तर अशा रात्रीच्या प्रवासात टाकी भरूच नका.

टप्पा 9: परतताना नवा हिशेब

वापरलेलं पाणी नाहीसं होत नाही. ते सांडपाण्याच्या आणि मैल्याच्या टाकीत जातं, आणि त्या टाक्या ॲक्सलच्या दुसऱ्याच बाजूला असू शकतात. जाताना पुढे असलेले शंभर किलो परतताना मागे गेले, तर एकूण वजन तेवढंच राहून बॉलवरचा भार मात्र घसरतो. म्हणून टप्पा 2 मधली मापं या दोन टाक्यांचीही घेऊन ठेवा.

या दोन्ही टाक्या मुक्कामाच्या सर्वात जवळच्या अधिकृत जागी रिकाम्या करा, आधी मैला, मग सांडपाणी, म्हणजे पाइपही धुतला जातो. उरलेलं स्वच्छ पाणी निघण्याच्या बरंच आधी सोडायला सुरुवात करा, कारण बारीक ड्रेनमधून शंभर लिटर जायला वेळ लागतो. सगळं रिकामं झाल्यावर ब्रेक कंट्रोलरची ताकद परत कमी करा आणि स्प्रिंग बार पुन्हा मोजून लावा. भरलेल्या ट्रेलरसाठी ठेवलेली ताकद रिकाम्या ट्रेलरची चाकं ओल्या रस्त्यावर जागीच जखडून टाकते.